पक्की सावली

परवा दौलताबाद रस्त्यावरच्या नर्सरीत गेले, तीन वर्षांनी. फाटकातून आत शिरताच ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास आला आणि पाय आपोआप डावीकडे, फुलझाडांच्या वाफ्यांकडे वळले. माघ सरत आला की इथं रंगांची नुसती झुंबड असते. पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, केशरी झेंडू आणि कोपऱ्यात काळ्या पिशव्यांतून मान वर काढणारा मोगरा, अजून कळीही न धरलेला. सावलीतली झाडं पलीकडे, हिरव्या जाळीच्या मांडवाखाली असतात. तिकडे जायला मला जरा वेळ लागला.

नर्सरीवाले बशीरचाचा आता थकलेत. मांडवाखाली स्टुलावर बसल्या बसल्याच त्यांनी मला ओळखलं. "मॅडम, बहुत दिनां के बाद. वो दूसरे बाई नहीं आये?"

"त्या पुण्याला गेल्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि झाड विकण्याआधीचा त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "धूप की जगा है, के छाव की?"

तीन वर्षांपूर्वी याच मांडवाखाली या प्रश्नाचं उत्तर माझ्या वतीने मंदाताईंनी दिलं होतं.

मंदाताई आमच्या शेजारीण. सिडकोत आमची दोन घरं एकमेकांना लागून, मध्ये छातीइतकी कंपाउंडची भिंत. एकोणीस वर्षांचा शेजार. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि त्यांचा मुलगा महेश माझ्या वर्गात होता, म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या. पोरगा शिकून पुण्याला नोकरीला लागला तरी मी बाईच राहिले. त्यांचं माहेर-सासर दोन्ही देवगाव रंगारीकडचं. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण मातीतलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं मला पुस्तकातलंही कळत नसेल.

आमच्या घराच्या पश्चिमेला, घर आणि भिंत यांच्यामध्ये आठ फुटांची पट्टी आहे. सकाळचं ऊन तिथं घरामुळे पोचत नाही. दुपारचं ऊन तेव्हा मंदाताईंच्या करंजामुळे पोचत नसे. त्यांच्या यजमानांनी, रावसाहेबभाऊंनी, घर बांधलं तेव्हा लावलेला तो करंज. निम्मा त्यांच्याकडे, निम्मा आमच्याकडे झुकलेला. फुलायचा तेव्हा आमच्या पट्टीत जांभळट लाह्यांचा सडा पडायचा. आपल्या गावात एप्रिल-मे म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. पण भर दुपारी त्या पट्टीत उघड्या पायांनी उभं राहता यायचं.

आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मी निवृत्त झाले होते. तीस वर्षं माझा फाल्गुन पेपर काढण्यात आणि तपासण्यात गेला. बाहेर काय फुललं, काय गळलं, याची दखल घ्यायला वेळ नव्हता. हा पहिला वसंत माझा होता. मी ठरवलं, पुढच्या अंगणात फुलं लावायची आणि या पट्टीत सावलीतली झाडं, नेचे, रंगीत पानांचं काहीबाही, गर्द हिरवं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मी मंदाताईंना हे सांगितलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"यंदा राहू द्या की बाई," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली बघू."

"पुढच्या वर्षी कशाला? आता तर वेळच वेळ आहे मला."

त्यांनी हातातला टॉवेल झटकला, पुन्हा झटकला. मग म्हणाल्या, "बरं. मी येते संगं. तुमाला मुळं बघता येत नायती."

मला वाटलं, उपास आणि वेरूळच्या देवळातली रांग यांनी त्या दमल्या असतील.

रविवारी आम्ही गेलो. गाडी ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, चालवली. मंदाताई मागे बसून रस्ताभर बोलत होत्या. नर्सरीत तर त्यांना भान राहिलं नाही. एकेक पिशवी उचलायच्या, बुडाला बोटांनी दाबायच्या, रोप तिरकं करून मुळं पाहायच्या. "हे नको, मुळं गोल फिरल्यात. हे बघा, ह्याला खालून नवा कोंब हाय, हे घ्या." चाचांशी त्यांचं निम्मं हिंदी, निम्मं मराठी असं भांडण चाललं होतं आणि दोघांनाही त्यात मजा येत होती. पुढच्या अंगणासाठी डायन्थस, पिटुनिया आणि मोगऱ्याची दोन रोपं झाली. मग आम्ही मांडवाखाली आलो.

मी कॅलेथियाच्या पानांवरून हात फिरवत होते. कुणीतरी बारीक ब्रशाने रंगवल्यासारखी पानं. चाचा म्हणाले, "ये नाजूक है मॅडम. धूप लगी तो किनारी जल जाती. छाव कैसी है तुमारे पास?"

मी तोंड उघडायच्या आत मंदाताई म्हणाल्या, "पक्की सावली हाय चाचा. करंजाची. पंचवीस सालाचं झाड हाय, कुठं जातंय."

हे शेजारीच उभे होते. एका कुंडीच्या बुडाचं भोक बोटाने चाचपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर एवढाच एक वाद झाला. मंदाताईंचं म्हणणं, झाडं कुंड्यांतच राहू द्यावीत. मला ती जमिनीत हवी होती. कुंड्यांची रांग मला शाळेच्या व्हरांड्यासारखी दिसते. मला बाग हवी होती. "कुंडीत बरं असतं, हलवता येतं," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी हट्ट धरला तेव्हा स्वतःच पदर खोचून खाली बसल्या आणि आमची ती चिकट काळी माती खणायला लागल्या. तिच्यात लाल माती, शेणखत, विटांचा चुरा कालवला. मी रोप धरायचे, त्या माती लोटायच्या. मग तळहाताने दाबायच्या, लहान मुलाला थोपटावं तशा.

पुढचे दोन महिने मी सुखात होते, आणि आपण सुखात आहोत हे मला त्याच वेळी कळत होतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. म्हणून तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी तांब्याने एकेका बुंध्याशी घालायचं. चारच्या सुमाराला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पट्टीत यायच्या. मंदाताई चहा घेऊन यायच्या किंवा मी करायचे. कुठूनतरी तांबट पक्ष्याची टुक टुक चालू असायची. नेच्याचं नवं पान गुंडाळलेलं येतं आणि रोज थोडं थोडं उलगडतं. ते आज कुठवर आलं, यावर आम्ही दोघी साठीच्या बायका गंभीरपणे चर्चा करायचो.

फाल्गुनात करंजाची पानं गळतात. आठ-पंधरा दिवसच, मग लगेच तुकतुकीत नवी पालवी. पण तेवढ्या दिवसांत पट्टीत उन्हाचे कवडसे पडायला लागले आणि मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मंदाताईंनी त्यांची जुनी सुती जांभळी साडी आमच्या खिडकीच्या गजापासून भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत ताणून बांधलेली. खाली झाडं जांभळ्या उजेडात उभी. "नवी पानं आली की सोडू," त्या म्हणाल्या.

नवी पानं आली. साडी सोडली. घडी घालून घेऊन गेल्या.

चैत्र सरता सरता मंदाताई आणि रावसाहेबभाऊ पुतण्याच्या लग्नासाठी देवगावला गेले. गुरुवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. पश्चिमेकडून यंत्राचा घरघराट आला. मी तशीच पिठाच्या हातांनी पट्टीत आले. भिंतीपलीकडे चार माणसं होती, एक जण दोर कमरेला बांधून करंजावर चढला होता. करंज तेव्हा फुलावर होता.

"थांबा," मी म्हटलं. "हे लोक गावाला गेलेत. त्यांना विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नका."

हातात फाइल असलेला माणूस भिंतीजवळ आला. चाळिशीचा, शांत. "त्यांनीच सांगितलंय मॅडम. घर बिल्डरला दिलंय ना त्यांनी. तुम्हाला माहीत नाही?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्याने फाइल उघडून झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज दाखवला. खाली दोन सह्या. रावसाहेबभाऊंची घाईतली, न वाचता येणारी. आणि दुसरी सुटी सुटी, एकेक अक्षर जपून काढलेली. मंदाकिनी. त्या पूर्वी 'मंदाकीनि' लिहायच्या. बँकेत एकदा सही जुळेना म्हणून रडकुंडीला आल्या, तेव्हा मी आमच्या ओट्यावर बसवून त्यांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं होतं. अर्जावर दोन्ही वेलांट्या बरोबर होत्या. तारीख महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाची होती.

मी तो कागद परत दिला. मग घरात गेले आणि उरलेल्या पोळ्या करून टाकल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

दुपारी दोनपर्यंत झाड गेलं. ते पडताना मोठा आवाज वगैरे झाला नाही. फांदी फांदी करून उतरवलं त्यांनी. मी पट्टीत आले तेव्हा तिथं ऊन होतं. एकोणीस वर्षांत मी तिथं एवढं ऊन पाहिलं नव्हतं. फरशीवरच्या भेगा, भिंतीवरचे पोपडे, सगळं उघडं पडलेलं, आणि मधोमध ती झाडं, पानं पसरून, काही न कळल्यासारखी.

संध्याकाळी हे फिरून आले. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मध्येच थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

ह्यांनी चपला काढल्या, नीट कडेला ठेवल्या. "रावसाहेबांनी संक्रांतीलाच सांगितलं होतं. कुणाला बोलू नका म्हणाले. वहिनींना स्वतःच्या तोंडानं तुला सांगायचंय म्हणाले."

"आणि तुम्ही मला नर्सरीत घेऊन गेलात."

"तू इतकी खुशीत होतीस शैला. मला वाटलं, त्या सांगतीलच आज-उद्या."

"लाल मातीची पोती तुम्ही उचलून आणलीत."

ते वाईट माणूस नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्यापासून काही लपवलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीत तसं वाटायला लागलं. कुणाचा फोन होता विचारलं आणि "कुणाचा नाही" म्हणाले, की मी पूर्वी पुढच्या कामाला लागायचे. आता क्षणभर त्यांच्याकडे बघत राहते. त्यांना ते कळतं.

शनिवारी मंदाताई परतल्या. एकोणीस वर्षांत त्या प्रथमच भिंतीवरून आधी हाक न मारता फाटकातून आल्या. थेट पट्टीत गेल्या. नेच्यांची टोकं तोवर तपकिरी झाली होती. त्या खाली वाकल्या, पान हातात घेतलं.

"हिरवी जाळी लावा बाई," त्या म्हणाल्या. "मोंढ्यात मिळती."

मी कोपऱ्यातली रिकामी बादली सरळ केली.

"ह्यांचं गुडघं कामातनं गेलं. जिना चढता येत नाय. महेश म्हणला, तिथं लिफ्ट हाय, दवाखाना खालीच हाय. एकुलता एक हाय, त्याला नाय कसं म्हणायचं."

"ते मला कळतं," मी म्हटलं. "घर तुमचं, झाड तुमचं. विकायचं की ठेवायचं हे विचारायचा मला हक्क नाही. मला एवढंच सांगा, नर्सरीत 'पक्की सावली' कशाला म्हणालात? गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

त्यांनी हातातल्या पानाचं तपकिरी टोक चुरलं. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर तुमी त्या दिवसापासून मला पाहुणीवानी वागवलं असतं. खायला करून घातलं असतं, डोळ्याला पदर लावला असता. मला ते नको व्हतं. मला तेवढं दोन म्हयनं शेजारीणच राहायचं व्हतं."

ते खरं होतं. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की अगदी खरं होतं. आणि म्हणूनच मला राग आवरेना. त्यांना दोन महिने हवे होते, ते त्यांनी घेतले, माझ्याकडून, मला न विचारता. एकीला ठाऊक होतं की हे शेवटचं आहे, म्हणून ती एकेक दिवस चाखत होती. दुसरी खुळ्यासारखी पुढच्या पावसाळ्याचे बेत सांगत होती, या कोपऱ्यात केवडा लावू, त्या भिंतीवर वेल चढवू. आणि ती पहिली मान डोलावत होती.

"मी पुढच्या वर्षीचं बोलायचे तेव्हा तुम्ही काय मनात म्हणायच्या?" मी विचारलं.

त्यांनी पान सोडलं, उठल्या आणि फाटकातून गेल्या.

हिरवी जाळी ह्यांनी मी न सांगता जुन्या मोंढ्याच्या बाजारातून आणली आणि दोन दिवस खपून बांधली. पण वैशाखातल्या उन्हाला जाळी पुरत नाही. नेचे पहिल्या आठवड्यात गेले. कॅलेथियाच्या कडा चाचा म्हणाले होते तशाच जळाल्या, आधी कडा, मग मधलं. रंगीत पानांचं कोलियस सकाळी मान वर करायचं, दुपारी टाकायचं. एके दिवशी त्याने सकाळीही मान वर केली नाही. काही झाडं खणून कुंड्यांत घेतली, न्हाणीघरात ठेवली. मुळं दुखावली होती, ती तगली नाहीत. पुढच्या अंगणातली फुलं मात्र उन्हाचीच. मोगरा त्या वर्षी इतका आला की सकाळी फाटक उघडताना वास अंगावर यायचा. मी एकदाही गजरा केला नाही.

जाण्याच्या दिवशी मी मंदाताईंची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, सगळं रीतसर. त्या वाकून नमस्कार करायला लागल्या तेव्हा मी त्यांना धरलं, तेही रीत म्हणूनच. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत गल्लीतल्या बाकीच्या बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

लोक म्हणतील, झाडासाठी एवढं? मीही स्वतःला तसं पुष्कळदा म्हणून पाहिलं. पण झाडाचं दुःख वेगळं असतं, ते सरळ असतं, वाऱ्याने पडलेल्या झाडासाठी मीही हळहळून गप्प झाले असते. हे निराळं. ठकवलं गेल्यावर माणूस मागे जाऊन एकेक दिवस पुन्हा उघडतो. मला तो फाल्गुन अजून जसाच्या तसा आठवतो, चहाची चव, तांबटाचा आवाज, साडीखालचा जांभळा उजेड. फक्त त्यातल्या कशातही आता निर्धास्तपणे मन रमत नाही. साडी बांधताना त्यांना दया येत होती की लाज वाटत होती? माती थोपटताना त्या कुणाची समजूत घालत होत्या? नोकरी संपल्यावर मला मिळालेला तो एकच वसंत, आणि त्यात काय खरं होतं हे मला दुसऱ्याला विचारावं लागतं.

करंजाच्या जागी आता चार मजली इमारत आहे. दुपारचं ऊन तिच्या भिंतीपलीकडेच अडतं आणि बारा वाजल्यापासून आमच्या पट्टीत सावली असते. तिच्यात पान हलत नाही, तिच्यातून काही खाली पडत नाही. पण झाडांना चालते. म्हणून तर परवा मी चाचांना म्हटलं, "छाव की." त्यांनी पुढे विचारलं, "पक्की?" मी म्हटलं, "आता पक्की." नेचे घेतले, कॅलेथिया घेतलं. मुळं स्वतः तपासली. तेवढं शिकले आहे.

काल सकाळी पट्टीत खणत होते. दोन रोपं लावून झाली, तेवढ्यात फाटक वाजलं. मंदाताई होत्या. देवगावला कुणाचं तरी लग्न, जाता जाता दोन तासांसाठी शहरात उतरल्या होत्या. बारीक झाल्यात. केस सगळे पिकलेत. मी स्वयंपाकघराच्या नळाखाली घाईघाईने हात धुतले, पट्टीकडचं दार ओढून घेतलं आणि त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. फोनवर आम्ही दिवाळी-पाडव्याला बोलतो, पण समोरासमोर तीन वर्षांनी.

त्यांनी रावसाहेबभाऊंच्या गुडघ्यांचं सांगितलं. महेशच्या पोरीचं सांगितलं. खिडकीतून इमारतीकडे पाहत म्हणाल्या, "लई उंच झालं हो." मी म्हटलं, "हो."

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "पट्टीत काय लावलं का नाय पुन्हा?"

"नाही," मी म्हटलं. "मोकळीच आहे."

मी आत जाऊन चहा केला, बाहेर आणला आणि त्यांच्या हातात कप देऊ लागले. त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली आणि बोटांवर थांबली. नखांत लाल माती अडकलेली होती, ओली.

मंदाताईंनी दोन्ही हातांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "चहा चांगला झालाय बाई."